एकोणीस एकांची मूळ संख्या
(इयत्ता पाचवी ते आठवीच्या गणिताध्यापकांसाठी अभ्यासलेख व पाठदिग्दर्शन)

प्राथमिक शाळेत मूळ संख्यांचा पाठ सामान्यतः एक-दोन तासिकांत उरकला जातो. व्याख्या फळ्यावर लिहावयाची, १ ते १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्या पाठ करवून घ्यावयाच्या व अवयव पाडण्याकडे वळावयाचे, असा प्रघात आहे. हा प्रघात चुकीचा नसला तरी अपुरा आहे. शंभराच्या आत मूळ संख्या ओळखणे हे स्मरणाचे काम आहे. शंभराच्या पलीकडे ते विचाराचे काम होते. विद्यार्थी एखादी मोठी संख्या घेतो, २, ३, ५, ७, ११ यांनी भागून पाहतो, भाग जात नाही असे दिसताच ‘ही मूळ संख्या’ असे लिहून मोकळा होतो. येथेच सावध होणे अगत्याचे आहे. विभाजक सापडला नाही, ही एक गोष्ट. विभाजक नाहीच, ही दुसरी. ह्या दोहोंतील अंतर मुलांच्या मनावर ठसविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. त्यासाठी एक मोठी, परंतु लिहावयास अगदी सोपी अशी मूळ संख्या उदाहरणादाखल घेतली आहे. एकापुढे एक असे १९ एक लिहिले की ती तयार होते :

११,११,११,११,११,११,११,११,१११

१. पूर्वतयारी

मूळ संख्येची कल्पना वस्तूंवरून द्यावी. आपल्या खालापूर तालुक्यात चिंचोक्यांना तोटा नाही. प्रत्येक मुलास १२ चिंचोके देऊन त्यांचे आयत मांडावयास सांगावे. २ ओळींत ६-६, ३ ओळींत ४-४ असे आयत होतात. मग १३ चिंचोके द्यावेत. एका सरळ रांगेवाचून दुसरा आयत होत नाही, हे मुलांच्या हातांनाच कळते. ज्या संख्येचा एका रांगेवाचून दुसरा आयत होत नाही, ती मूळ संख्या. ज्या संख्येचा होतो, ती संयुक्त संख्या. १ ही संख्या मूळ नव्हे आणि संयुक्तही नव्हे, हे त्याच वेळी स्पष्ट करावे.

यानंतर एक नियम कारणासह सांगावा. संख्या मूळ आहे की नाही हे ठरविताना तिच्या वर्गमुळापर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. कारण आयताच्या दोन बाजूंपैकी लहान बाजू वर्गमुळापेक्षा मोठी असूच शकत नाही; दोन्ही बाजू वर्गमुळाहून मोठ्या असत्या तर त्यांचा गुणाकार मूळच्या संख्येहून मोठा झाला असता. हे कारण आयताच्या आकृतीवरून पाचवीच्या मुलासही पटते. ते न सांगता केवळ नियम सांगितल्यास मूल तो नियम आठवड्यात विसरते.

२. एकांच्या माळा

केवळ १ हा अंक पुनःपुन्हा लिहून होणाऱ्या संख्यांना इंग्रजीत ‘रिप्युनिट’ म्हणतात. ह्या लेखापुरते आपण त्यांस ‘एकमाला’ म्हणू. अशा संख्यांचे आपल्याकडील गणितज्ञांना फार पूर्वीपासून आकर्षण आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी होऊन गेलेल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ ह्या ग्रंथात माळेसारखे दिसणारे गुणाकार आले आहेत. १५२२०७ ला ७३ ने गुणल्यास आठ एकांची माळ येते. १२३४५६७९ ला ९ ने गुणल्यास नऊ एकांची.

विसाव्या शतकात ह्या संख्यांशी महाराष्ट्रातील एका शालेय शिक्षकाचे नाव जोडले गेले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून त्यांनी १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेतली. पुढे १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळाली येथे शिक्षक होते. विद्यापीठातील अध्यापकपद नाही, पदव्युत्तर शिक्षण नाही, अशा स्थितीत त्यांनी आयुष्यभर संख्यांचा अभ्यास केला. चार अंकी संख्यांच्या वजाबाकीतून येणारा ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर ठाऊक आहे. एकमालांचे वर्ग केले असता १, १२१, १२३२१, १२३४३२१ असा चढता-उतरता क्रम मिळतो. अशा संख्यांचा जो मोठा गट त्यांनी अभ्यासिला, त्यास त्यांनी ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील एका रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली म्हणून त्या स्थानकाचे नाव त्यांनी संख्यांना दिले. आजचे डोंबिवली ते हेच, असा उल्लेख गणितविषयक लेखनात आढळतो. खोपोली व कर्जतहून मुंबईस जाणारा आपल्या तालुक्यातील प्रत्येक प्रवासी कल्याण व ठाकुर्ली मागे टाकल्यावर त्या स्थानकावरून जातो. वर्गात हे अवश्य सांगावे. गणित दूरदेशी कोणी तरी तयार केलेले नसून आपल्या वाटेवरील एका स्थानकात, एका शाळामास्तरांच्या वहीतही ते घडले, हे मुलांस कळणे हितकारक आहे.

३. फलकलेखन : माळांचे अवयव

पुढील तक्ता फळ्यावर मांडावा. पहिल्या पाच ओळी मुलांकडून करवून घ्याव्यात. उरलेल्या शिक्षकांनी द्याव्यात.

२ एक : ११ — मूळ
३ एक : ३ × ३७
४ एक : ११ × १०१
५ एक : ४१ × २७१
६ एक : ३ × ७ × ११ × १३ × ३७
७ एक : २३९ × ४६४९
११ एक : २१६४९ × ५१३२३९
१३ एक : ५३ × ७९ × २६५३७१६५३
१७ एक : २०७१७२३ × ५३६३२२२३५७
१९ एक : मूळ
२३ एक : मूळ

पाच एकांची ओळ विशेष लक्ष देऊन शिकवावी. १११११ ही संख्या दिसावयास मूळ वाटते. तिला २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७ ह्या बारा मूळ संख्यांनी भाग जात नाही. बारा वेळा निराशा पदरी आल्यावर तेरावा प्रयत्न कोण करील ? परंतु तेरावी मूळ संख्या ४१, आणि ४१ × २७१ = १११११. या संख्येचे वर्गमूळ १०५ च्या किंचित वर आहे. तेथपर्यंत जाण्याआधी थांबलेल्या मुलाचे उत्तर चुकले. सात एकांच्या माळेत तर पहिल्या ५१ मूळ संख्या निष्फळ ठरतात व बावन्नावी, म्हणजे २३९, लागू पडते. आणि सतरा एकांच्या माळेचा सर्वांत लहान विभाजक वीस लाखांच्या पुढे आहे. तेव्हा ‘पुष्कळ वेळा भागून पाहिले’ हा पुरावा नव्हे, हे मुलांनी ह्या तक्त्यावरून स्वतः काढावे.

४. माळेची लांबी व तिचे अवयव

तक्त्याकडे पाहून मुलांना एक प्रश्न विचारावा : ४ व ६ एकांच्या माळा संयुक्त का निघाल्या ? सहा एकांचे दोन-दोनांचे तीन गट करता येतात. म्हणून १११११११ नव्हे, तर १११११ पुढे आणखी एकच १ असलेली ती सहा अंकी माळ = ११ × १०१०१. तीन-तीनांचे दोन गट केल्यास तीच माळ = १११ × १००१. म्हणजे एकांची जितकी संख्या, तिचा आयत होत असेल, तर माळेचेही अवयव पडतात. चिंचोक्यांचा धडा येथे पुन्हा उपयोगी पडला. यावरून नियम निघतो :

माळ मूळ असेल, तर तिच्यातील एकांची संख्याही मूळ असलीच पाहिजे.

आता ह्या विधानाचा व्यत्यास खरा आहे काय, असे विचारावे. एकांची संख्या मूळ असेल तर माळ मूळ असते काय ? तक्ता उत्तर देतो. ३, ५, ७, ११, १३, १७ ह्या सर्व मूळ संख्या आहेत, पण तितक्या एकांच्या माळा संयुक्त आहेत. विधान खरे असूनही त्याचा व्यत्यास खोटा असू शकतो, ही गोष्ट पुढे भूमितीत विद्यार्थ्यांस फार अडते. येथे ती अंकगणिताच्या आधारे सहज समजते.

५. ‘बाकीची साखळी’ : एक वर्गोपक्रम

एकोणीस एकांच्या माळेस एखाद्या संख्येने भाग जातो काय, हे पाहण्यास लांबलचक भागाकार मांडण्याचे कारण नाही. पहिला मुलगा १ ही बाकी सांगतो. दुसऱ्याने त्या बाकीपुढे १ लिहावा, ठरलेल्या भाजकाने भागावे व नवी बाकी तिसऱ्यास सांगावी. अशा रीतीने एकोणिसाव्या मुलाजवळ जी बाकी येईल, ती संपूर्ण माळेची बाकी. कमी पटाच्या वाडीवरील शाळेत एकाच मुलाने दोन-तीन वेळा पाळी घेतली तरी चालते. बहुवर्ग शाळेत एका वर्गास हे काम देऊन दुसऱ्या वर्गाकडे लक्ष देता येते. दोन स्वतंत्र साखळ्या कराव्यात, म्हणजे चूक लगेच उघडकीस येते.

प्रथम ७ हा भाजक घ्यावा. बाक्या अशा येतात : १, ४, ६, ५, २, ०. सहाव्या पायरीस शून्य आले. म्हणजे सहा एकांना ७ ने भाग जातो. शून्यापुढे १ लिहिला की पुन्हा १ आणि तीच रांग सुरू होते. म्हणून बारा एकांना व अठरा एकांना ७ ने भाग जातो, आणि एकोणीस एकांना भागल्यास बाकी १ उरते. सहा एकांचे अवयव ३, ७, ११, १३ व ३७ असल्यामुळे ह्या पाचही संख्यांबाबत हेच घडते. एकाच साखळीत पाच भाजकांचा निकाल लागला.

ह्यातून निघणारा विचार शिक्षकांनी नीट समजून घ्यावा. ज्या मूळ संख्येने एखाद्या माळेस भाग जातो, तिच्या साखळीत शून्य ठराविक अंतराने येते. ते अंतर ७ साठी ६ आहे, ४१ साठी ५ आहे. एकोणिसाव्या पायरीस शून्य यावयाचे असेल, तर १९ ही त्या अंतराची पट असली पाहिजे. परंतु १९ स्वतः मूळ आहे. म्हणून अंतर १ असेल किंवा १९. अंतर १ असणे शक्य नाही. कारण नुसत्या १ ला कोणत्याही मूळ संख्येने भाग जात नाही. सबब, अंतर बरोबर १९ च असले पाहिजे.

६. संशयितांची यादी

सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांच्या एका प्रसिद्ध प्रमेयावरून असे निघते की, २ व ५ वगळता कोणतीही मूळ संख्या घेतली आणि तिच्याहून एकाने कमी इतके ९ एकापुढे एक लिहिले, तर त्या संख्येस घेतलेल्या मूळ संख्येने भाग जातो. उदाहरणार्थ, ७ साठी सहा नऊ : ९९९९९९ ला ७ ने भाग जातो. भाजक ३ नसल्यास नवांऐवजी एक लिहिले तरी हेच खरे राहते. म्हणून साखळीतील शून्याचे अंतर हे नेहमी ‘भाजक वजा एक’ ह्या संख्येचा विभाजक असते.

आपल्या माळेत अंतर १९ आहे. (भाजक ३ असण्याचा प्रश्न नाही; अंकांची बेरीज १९ आहे व तिला ३ ने भाग जात नाही.) म्हणून भाजकातून १ वजा केल्यास उरणारी संख्या १९ ची पट असली पाहिजे. भाजक विषम असल्याने ती समही असली पाहिजे. म्हणजेच ती ३८ ची पट असली पाहिजे. एकोणीस एकांच्या माळेचा कोणताही मूळ विभाजक ३८ च्या पटीत १ मिळवूनच मिळेल.

हा नियम तक्त्यातील इतर ओळींवर ताडून पाहावा. पाच एकांसाठी १० च्या पटी : ४१ आणि २७१. सात एकांसाठी १४ च्या पटी : २३९ = १४ × १७ + १ आणि ४६४९ = १४ × ३३२ + १. तेरा एकांसाठी २६ च्या पटी : ५३ व ७९. नियम सर्वत्र लागू पडतो.

आता ३८ च्या पटींत १ मिळवून यादी करू : ३९, ७७, ११५, १५३, १९१, २२९, २६७, ३०५, ३४३, ३८१, ४१९, ४५७... यांपैकी मूळ संख्या तेवढ्या घ्यावयाच्या : १९१, २२९, ४१९, ४५७. पहिल्या दोहोंची साखळी वर्गात करून पाहावी. १९१ साठी बाक्या येतात त्या अशा : १, ११, १११, १५६, ३३, १४०, ६४, ६८, १०८, १२६, ११५, ५, ५१, १२९, १४५, ११४, १८६, १४२ आणि शेवटी ८४. शून्य नाही, १९१ सुटली. २२९ साठी एकोणिसावी बाकी १८० येते; तीही सुटली.

परंतु ही यादी कोठवर न्यावयाची ? एकोणीस एकांच्या माळेचे वर्गमूळ १,०५,४०,९२,५५३ च्या आसपास आहे. तेथपर्यंत ३८ च्या पटींत १ मिळवून होणाऱ्या संख्या सुमारे २ कोटी ७७ लाख आहेत. एका मिनिटास एक याप्रमाणे रोज आठ तास, एकही सुटी न घेता, कोणी भागाकार करीत बसला, तर त्यास सुमारे १५८ वर्षे लागतील. ३८ चा नियम न वापरता प्रत्येक विषम संख्येने भागू लागला, तर तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील. विचाराने तीन हजारांची दीडशे वर्षे झाली. परंतु एका आयुष्यात ती मावत नाहीत. येथे अधिक विचाराची गरज आहे.

७. शेजारच्या संख्येची साक्ष

मोठ्या मूळ संख्यांच्या बाबतीत एक उपाय असा की, संख्येऐवजी तिच्या अगदी अलीकडच्या संख्येचे अवयव पाडावयाचे. फ्रेंच गणिती ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकात ही वाट दाखविली व अमेरिकन गणिती डी. एच. लेमर यांनी १९२७ साली ती अधिक सोयीची केली. तिचे तत्त्व ११ ह्या लहान संख्येवरून समजते.

२ चे घात घेऊन त्यांस ११ ने भागावे. बाक्या क्रमाने येतात : २, ४, ८, ५, १०, ९, ७, ३, ६, १. एक ते दहा ह्या दहाही बाक्या एकदाच आल्या. ११ ला १ व ११ यांवाचून दुसरा विभाजक असता, तर तो स्वतःच ह्या रांगेत कोठे तरी बाकी म्हणून आला असता. आणि तो एकदा आला म्हणजे पुढील प्रत्येक बाकीला त्याने भाग गेला असता व शेवटची १ ही बाकी कधीच आली नसती. ज्याअर्थी रांग पूर्ण होऊन १ वर पोहोचली, त्याअर्थी तसा विभाजक नाही. येथे एकाही विभाजकाचा शोध न घेता, विभाजक नाहीच, हे सिद्ध झाले.

मोठ्या संख्येसाठी संपूर्ण रांग लिहिण्याचे कारण नाही. १ ही बाकी प्रथमच दहाव्या घातास आली, एवढे पाहिले की पुरे. त्यासाठी १० चे मूळ अवयव २ व ५ घ्यावेत. दहाव्या घाताची बाकी १ आहे. १० ला २ ने भागून येणाऱ्या पाचव्या घाताची बाकी १० आहे, आणि ५ ने भागून येणाऱ्या दुसऱ्या घाताची ४ आहे. दोन्ही १ नाहीत. काम झाले. सारांश, संख्येतून १ वजा करून उरलेल्या संख्येचे मूळ अवयव ठाऊक असले, तर काही मोजक्याच घातांवरून निर्णय देता येतो.

आणि येथेच एकोणीस एकांच्या माळेचा सुंदर गुण दिसून येतो. तिच्यातून १ वजा केला की उरतात अठरा एक व शेवटी शून्य. म्हणजे अठरा एकांची माळ गुणिले १०. अठरा ही संख्या आयतांनी भरलेली आहे, म्हणून चौथ्या भागातील नियमाने त्या माळेचे तुकडे सहज पडतात. सर्व मूळ अवयव पुढीलप्रमाणे :

२ × ३ × ३ × ५ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७

जी संख्या स्वतः फुटत नाही, तिची शेजारीण इतकी फुटते, आणि तिच्या फुटण्यावरूनच पहिलीचे न फुटणे सिद्ध करता येते.

एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. केवळ ‘वजा एक’ इतक्या घाताची बाकी १ आली, एवढ्यावरून संख्या मूळ ठरत नाही. ३ चा ९० वा घात ९१ ने भागल्यास बाकी १ च येते; परंतु ९१ = ७ × १३. अवयवांवरून करावयाची दुसरी तपासणी म्हणूनच टाळता येत नाही.

८. थोडा इतिहास

एकोणीस एकांची माळ मूळ असल्याची ओस्कार होप्पे यांची सिद्धता १९१८ साली प्रसिद्ध झाली. त्या काळी विद्युत् संगणक नव्हते. कागद, लेखणी व विचार हीच साधने होती. तेवीस एकांची माळ मूळ असल्याचे १९२९ च्या सुमारास सिद्ध झाले. पुढची मूळ माळ ३१७ एकांची व त्यापुढची १०३१ एकांची. त्यांचा निर्णय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या साहाय्याने लागला.

त्यानंतरची हकिकत आपल्या मुद्द्यास विशेष पोषक आहे. ४९०८१ एकांची माळ ‘बहुधा मूळ असावी’ असे हार्वे डब्नर यांस १९९९ साली आढळले. परंतु गणितज्ञांनी तिला मूळ संख्या म्हटले नाही. पूर्ण सिद्धता २०२२ साली मिळाली, तेव्हाच तिची गणना मूळ संख्यांत झाली. ‘बहुधा’ आणि ‘निश्चित’ यांमधील अंतर तेवीस वर्षांचे निघाले.

भारताचेही या कार्यात मोठे स्थान आहे. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे, कोणत्याही अनुमानावर न विसंबता व वाजवी पायऱ्यांत ठरविण्याची रीत कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ साली शोधून काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली एक मूळ संख्या, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ही ४ कोटींहून अधिक अंकांची आहे. आपल्या १९ अंकांची तिच्यापुढे गणतीच नाही. परंतु दोहोंना एकच कसोटी लागू आहे.

याचा व्यवहारात उपयोग काय, असे पालक विचारतील. मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधून काढणे अतिशय कठीण; ह्या एका गोष्टीवर १९७७ सालापासून गुप्त संदेशांची एक पद्धती उभी आहे, आणि संगणकावरून होणाऱ्या व्यवहारांच्या सुरक्षिततेसाठी तिचा मोठा वापर झाला आहे. परंतु वर्गात हा उपयोग शेवटी सांगावा. प्रथम मुलास कारण शोधण्याची गोडी लागू द्यावी.

९. आवर्ती दशांशाशी संबंध

आठवीच्या वर्गास आवर्ती दशांश अपूर्णांक शिकविताना हाच विषय पुन्हा घेता येतो. १/११ मध्ये ०९ हे दोन अंक, १/३७ मध्ये ०२७ हे तीन अंक पुनःपुन्हा येतात. १/४१ मध्ये ०२४३९ व १/२७१ मध्ये ००३६९ हे पाच-पाच अंक येतात. आणि ४१ व २७१ हे पाच एकांचे अवयव आहेत. साखळीतील शून्याचे अंतर व आवर्तनाची लांबी ही ३ खेरीज सर्व ठिकाणी एकच असते. यावरून १ ला एकोणीस एकांच्या माळेने भागल्यास काय येईल ? अठरा शून्ये व एक ९, असे १९ अंकांचे आवर्तन. ज्याचे आवर्तन बरोबर १९ अंकांचे आहे, अशी दुसरी मूळ संख्याच नाही. कारण तशी असती तर ती ह्या माळेचा विभाजक झाली असती, आणि ह्या माळेस दुसरा विभाजक नाही.

१०. स्वाध्याय

(१) १२१ ह्या डेम्लो संख्येचे सर्व विभाजक लिहा. (उत्तर : १, ११, १२१.)
(२) कोणकोणत्या एकमालांचे वर्ग केले असता वरीलप्रमाणे तीनच विभाजक असलेली संख्या मिळेल ? (उत्तर : ज्या माळा स्वतः मूळ आहेत त्यांचे, उदा. २, १९ किंवा २३ एकांच्या.)
(३) १३ हा भाजक घेऊन बाकीची साखळी करा. शून्य कितव्या पायरीस येते ? (उत्तर : सहाव्या.)
(४) एकवीस एकांची माळ भागाकार न करता संयुक्त कशी ठरवाल ? (उत्तर : २१ = ३ × ७; म्हणून तिला १११ ने भाग जातो.)
(५) १०१ ही संख्या मूळ आहे, हे कोणकोणत्या संख्यांनी भागून सिद्ध होईल ? (उत्तर : २, ३, ५, ७, वर्गमूळ ११ पेक्षा कमी आहे.)

उत्तरे तपासताना शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. ‘१०१ मूळ आहे’ एवढेच लिहिणाऱ्यास अर्धे गुण द्यावेत. ‘११ पेक्षा लहान मूळ संख्यांनी भाग जात नाही, म्हणून १०१ मूळ आहे’ असे लिहिणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत. त्याचप्रमाणे ज्या विद्यार्थ्याने एखाद्या मोठ्या संख्येबाबत ‘मी ३७ पर्यंत भागून पाहिले, पुढचे ठरविता आले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले असेल, त्याचे उत्तर चुकीचे समजू नये. जितके तपासले तितकेच सांगणे, ही गणितातील सचोटी होय. आणि ती अंगी बाणविण्यास प्राथमिक शाळेसारखी दुसरी जागा नाही.